बसवण्याआधी वापरून बघा

आठ दिवस झाले, पेन ड्राइव्ह गल्ल्यातच पडून आहे,
स्टेपलरच्या पिनांत, सुट्ट्या नाण्यांत.
ओमाण्णा ठेवून गेला हुबळीहून येताना:
"अक्का, अजून मिंटच वापरूलीस?
झोरिन घाल की. बघूनच गिऱ्हाईक येतंय."

खानापुरात स्टेशन रोडला
कुणी माझा पडदा बघायला येत नाही.
उताऱ्याच्या झेरॉक्सला येतात, लग्नपत्रिकेला,
एकच अर्ज दोन भाषांत करून घ्यायला.

तरी रविवारी शटर अर्धं ओढलं
आणि खोचला एकदाचा.
भाषा विचारली. यादीत कन्नड आधी, मराठी बरीच खाली,
अक्षरांचा क्रम असेल, दुसरं काही नाही.
पण आम्हाला सवय
उत्तर द्यायच्या आधी विचारणाऱ्याचं तोंड बघायची,
आणि इथे तोंडच नव्हतं.
मी इंग्रजी दाबलं, कोर्टातल्या कारकुनासारखं.

मग दोन बटणं: आत्ताच बसवा,
किंवा बसवण्याआधी वापरून बघा.
मी स्थळ बघायला आलेल्या पाहुणीसारखी बसले,
चहा घेत, कशाला फार हात न लावता.

छान आहे. खोटं कशाला बोलू?
खिडक्या अलगद उघडतात, वायफाय हाकेला आलं,
प्रिंटरसुद्धा, ज्यानं मागे माझे दोन दिवस खाल्ले होते.
काळ्या चौकटीत जुनीच आज्ञा टाकली, तिनं ऐकली.
माती तीच खालची.
आमच्या कुंभाराच्या एकाच गोळ्यातून
माठ निघतो आणि तवलीही निघते.

मग सटुप्पाच्या लेकीची पत्रिका उघडली.
बैलहोंगलच्या बाजूचं कन्नड जसंच्या तसं,
ओत्तक्षरं पायाशी पोरं बसावीत तशी बसलेली.
आमच्या बाजूला मात्र
चि. सौ. कां. लक्ष्मीचा ल
उजव्या हाताला दांडा धरून उभा,
हिंदीच्या पुस्तकातून आल्यासारखा.
श ची शेंडीही कुणीतरी परस्पर विंचरलेली.

नंदगडच्या एका मास्तरांनी मागे
तीनशे पत्रिका परत आणल्या होत्या.
"हा ल आमचा नव्हे," एवढंच म्हणाले.
भांडले नाहीत. पैसेही देऊन गेले,
तेच जास्त लागलं.
त्यानंतर चार रात्री जागून
मी मिंटला आमचा ल शिकवला.
कुठली फाईल, कुठली ओळ बदलली, आता आठवत नाही.
लिहून ठेवलंय कुठेतरी,
कुठल्यातरी फसलेल्या पत्रिकेच्या पाठीवर.

मग बदलायचं तरी कशाला?
मशीन धावतंय. चार जीबीत जेवढं धावायचं तेवढं.
खरं सांगायचं तर
चोरीचं विंडोज मेलं त्या रात्री
मी एकटीनं, फोनवर बघून बघून, मिंट बसवलं होतं,
आणि पहाटे तीनला ते हिरवं पान उजळलं
तेव्हा शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला उठवून दाखवावंसं वाटलं होतं.
तसं पुन्हा व्हायला हवंय.
झोरिन हे निमित्त.

सोमवारी पावणेआठला, वीज नुकतीच परतलेली,
बसलिंगय्याचा धाकटा धापा टाकत आला.
भावाच्या हळदीचा व्हिडिओ फोनात मावेना.
"पेन ड्राइव्ह ऐतेन्री, अक्का?"
"ऐति, तडीरी."
यावरचं सगळं पुसलं जाईल, मशीन म्हणालं.
मी हो दाबलं. विचार केला नाही,
केला असता तर पोरगा अजून उभा असता.

तो गेला. पडदा जुनाच.
कोपऱ्यातल्या ढालीवर लाल ठिपका, सतरा अपडेट आलेले.
घे म्हटलं, आणि पत्रिकेच्या पाठी शोधायला
खालचा खण ओढला.

पेन ड्राइव्ह आणून देईल तो, लग्न पार पडल्यावर.
ओमाण्णा अमावास्येला येतो.
त्याला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.